फोटोतलं कोपर

फोटोत मोठे साडू होते, साडूंच्या हातात मासा होता, माशाच्या वर साडूंची मिशी होती, आणि अगदी कडेला, फ्रेमच्या लाकडाला घासून, एक कोपर होतं.

ते कोपर आपल्या कोपररावांचं.

खरं म्हणजे मासाही कोपररावांचाच. पण ही गोष्ट जगात दोघांनाच पक्की माहीत होती. त्यातले एक स्वतः कोपरराव, आणि दुसरे मिशीला मेण लावण्यात इतके गुंतलेले की त्यांना ती आठवायला सवड नव्हती.

झालं होतं असं. मागच्या वर्षी सासरेबुवांच्या वाढदिवसाला सगळं कुटुंब तळ्यावर गेलं होतं. कोपरराव तेव्हा कोपरराव नव्हते, नुसते सलूनवाले जावई होते. त्यांनी कुणाकडून तरी मागून आणलेल्या काठीला गांडूळ लावलं, गळ पाण्यात सोडला, काठी दोन दगडांत खोचली आणि उकडलेलं अंडं सोलायला घेतलं. अंडं अर्धं सोलून होतंय तोवर काठी वाकली ती थेट पाण्याला टेकली. कोपररावांनी आनंदानं "अहो, बघा!" अशी आरोळी ठोकली, हीच त्यांची चूक. आरोळी ऐकून मोठे साडू धावत आले, "दे इकडे! तुला जमायचं नाही!" म्हणत त्यांनी काठी हिसकावली आणि मासा बाहेर काढला. त्यांच्या बायकोनं, म्हणजे ताईंनी, लगेच फोटो काढला. कोपरराव हातात अंडं घेऊन फोटोत यायला धावले. पण पोचलं ते फक्त कोपर.

संध्याकाळपर्यंत मासा साडूंचा झाला. आठवडा उलटेपर्यंत गांडुळाचीही माशी झाली.

"फ्लाय फिशिंग म्हणतात त्याला," साडू जो भेटेल त्याला सांगायचे. "गांडूळ लावून काय, कुणीही पकडेल. आपण नकली माशी टाकतो. हलकी. पाण्यावर अशी टेकवायची की पाण्यालाही कळू नये." आणि मिशीच्या टोकाला चिमटीत धरून ते माशी कशी टेकवायची ते दाखवायचे.

इथवर कोपररावांनी गिळलं असतं. पण तो फोटो सासरेबुवांच्या भिंतीवर लागला.

आता सासरेबुवांच्या भिंतीवर लागणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. सासरेबुवांचा जन्म गिलावा करण्यात गेला. आपल्या बैठकीच्या खोलीची भिंत त्यांनी म्हातारपणी स्वतःच्या हातानं अशी गुळगुळीत केली होती की पालसुद्धा अर्ध्यावरून माघारी फिरायची. त्या भिंतीला त्यांनी एकच खिळा ठोकू दिला होता. बाकी फोटो, घड्याळ, कॅलेंडर, सगळं टेबलावर आडवं. त्या एकुलत्या एका खिळ्यावर आता मोठे साडू मासा घेऊन हसत होते.

"बाबा, अजून एक खिळा ठोका ना," कोपररावांच्या बायकोनं एकदा म्हणून पाहिलं. "आमचाही एखादा फोटो..."

"दुसरं भोक पडणार नाही," सासरेबुवा म्हणाले. "याच्याहून मोठा मासा आणा. हा उतरवतो, तो लावतो. भिंत तीच, खिळा तोच."

आल्या-गेल्या प्रत्येकानं फोटो बघायचा, मासा बघायचा, आणि न चुकता विचारायचं, "हे कोपर कुणाचं हो?"

"ते होय? आमच्या धाकट्या जावयाचं!"

मग हशा. मग चहा. असं करता करता नाव पडलं. आधी घरात पडलं, मग गल्लीत आलं, आणि एक दिवस सलूनमध्ये तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईक डोळे मिटूनच म्हणालं, "कोपरराव, कल्ले जरा बारीक ठेवा." त्या दिवशी कोपररावांच्या तळपायाची आग जी मस्तकात गेली ती खाली उतरलीच नाही.

मजा अशी की ज्याच्यावर राग, तो माणूस दर शनिवारी त्यांच्याच खुर्चीत येऊन बसायचा. मान मागे, डोळे बंद, गळा वस्तऱ्याखाली. पण कोपरराव धंद्याला इमानी. वर्षभरात साडूंच्या गळ्याला साधा ओरखडा आला नाही. त्यांना गळा नको होता. त्यांना खिळा हवा होता.

आणि संधी होती. तळ्याच्या लाकडी धक्क्याजवळ एक झाड पाण्यावर आडवं झुकलेलं होतं. त्या झाडाखाली ट्राउट जातीचा एक मासा राहायचा. इतका जुना आणि इतका मोठा की सगळे त्याला 'म्हातारा' म्हणायचे. साडू वर्षानुवर्षं त्याच्या मागे होते. "म्हातारा येणार तो माझ्याच माशीला," ते सांगायचे. "त्याला माणसाची पारख आहे."

वाढदिवस पुन्हा दोन महिन्यांवर आला तेव्हा कोपररावांनी आरशासमोर उभं राहून दात-ओठ खात शपथ घेतली. साडूंचा मासा, साडूंच्याच पद्धतीनं, साडूंच्याच डोळ्यांदेखत. आणि दुसऱ्या दिवशी सलूनला कुलूप लावून ते मासेमारीच्या सामानाच्या दुकानात शिरले.

दुकानात एक बाई होत्या. चष्मा साखळीला, पेन्सिल अंबाड्यात.

"फ्लाय फिशिंगचं सगळं सामान द्या," कोपरराव म्हणाले.

"पहिल्यांदाच?"

"पहिल्यांदाच आणि शेवटचंच. एकच मासा पकडायचाय."

"कोणता?"

"साडूंचा."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तसं नाही, वजन साधारण किती असेल? त्यावर रॉड ठरतो."

"नव्वद किलो तरी," कोपरराव म्हणाले. "मिशी धरून."

बाईंनी काढलेला रॉड हळूच परत ठेवला आणि मधे काऊंटर आहे ना, याची खात्री करून घेतली. मग थोडी उलटतपासणी झाली, साडू आणि मासा वेगवेगळे केले गेले, आणि बाईंच्या जिवात जीव आला.

"हा घ्या. नऊ फुटी, चार तुकड्यांचा, पिशवीत मावतो. मुठीच्या वर पाच आकडा दिसतोय? मग दोरही पाच आकड्याचाच लागणार. जुळलं नाही तर फेक तुमच्या नाकासमोर पडेल."

"साडूंचा कितीचा असेल?"

"मला काय माहीत?"

"मग सहा द्या."

"पाच!" बाईंनी इतक्या जरबेनं म्हटलं की कोपरराव शाळेतल्यासारखे सरळ उभे राहिले. "आणि एक लक्षात ठेवा. गांडुळाच्या गळाला वजन असतं, तो लांब जातो. माशीला वजन कुठलं? इथे फेकायचा असतो दोर. म्हणून तो जाड. त्याच्या टोकाला हे बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, आणि तंगुसाच्या टोकाला माशी. माशी आपली फुकटात बसून जाते."

"साडूंसारखी," कोपरराव म्हणाले.

त्यांना दुकानदारानं 'चांगला आहे' म्हटलेलं पटायचं नाही. नवी कात्री घेताना ते ती कानाजवळ धरून उघडमीट करायचे आणि आवाज ऐकायचे. त्याच सवयीनं त्यांनी रॉड जोडून कानाजवळ धरला, डोळे मिटले आणि झटकला. आवाज छान आला. त्याच्या पाठोपाठ टोप्यांची अख्खी मांडणी आली. बाई काऊंटरमागून बाहेर आल्या, कोपररावांच्या डोक्यावरून एकेक टोपी काढून जागेवर ठेवत म्हणाल्या, "ताठ रॉड नको तुम्हाला. मऊच बरा. तुमचा स्वभाव आधीच ताठ दिसतोय."

रॉड झाला, दोर गुंडाळायचं रील झालं, दोर झाला, तंगूस झालं. शेवटी माशांचा ट्रे समोर आला. नखाएवढ्या माशा, प्रत्येकीच्या पोटात गळ.

"या कशाच्या करतात?"

"पिसं, लोकर, केस. पाण्यावर तरंगायला हवी असेल तर केस ताठ पाहिजेत. वर मेण चोळलेलं असलं तर फारच उत्तम, पाणी शिरत नाही."

कोपररावांचा ट्रेमधला हात तिथेच थांबला.

"ताठ," ते सावकाश म्हणाले. "आणि मेण लावलेले."

"हो. काळे असले तर म्हाताऱ्या ट्राउटला जास्त आवडतात. आहेत का तुमच्याकडे?"

"शनिवारी येतात," कोपरराव म्हणाले, आणि वर्षभरात पहिल्यांदाच मनापासून हसले.

शनिवार आला. साडूही आले.

"काय कोपरराव! कसा चाललाय धंदा? हाताला काम आहे ना, कोपरापर्यंत?" स्वतःच्याच विनोदावर हसत ते खुर्चीत रेलले. विमा कंपनीत मोठे साहेब होते. त्यांच्या विनोदांवर तिथे ऑफिस हसायचं, इथे ते काम त्यांना स्वतःच करावं लागे.

"मिशीच्या कडा जरा फुटल्यात, साडूभाऊ. सारख्या करतो."

"कर. पण जपून हां. ही मिशी म्हणजे माझी ओळख आहे."

"म्हणून तर," कोपरराव म्हणाले. कात्री दोनदा बोलली. छातीवरच्या पांढऱ्या कापडावर काळ्या, चमकत्या, मेणात भिजलेल्या टोकांची बारीक झुलूप पडली. साडूंनी डोळे उघडेपर्यंत ती काड्यापेटीत गेलेली होती.

ती काड्यापेटी घरी बायकोच्या हाती लागली.

"अहो, हे काय?"

"साडूभाऊ."

"म्हणजे?"

"थोडेसे."

बायकोनं पेटी उजेडात धरली. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, डोळ्याला दिसणार नाहीत असले स्क्रू बसवायची. कोपररावांना वाटलं, आता आपली काही खैर नाही. त्यांनी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. झाड, म्हातारा, खिळा, मेण. बायको ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांसमोर नवरा नव्हता, ताई होती. लहानपणापासून प्रत्येक फोटोत मधे उभी राहणारी ताई. बहिणीच्या नवऱ्याचं कोपर तेवढं ठेवून बाकीचा माणूस कापणारी ताई.

"मग एवढेसेच का आणलेत?" ती म्हणाली, आणि चिमटा शोधायला उठली.

तिनं बांधलेली माशी अशी जमली की कोपररावांना क्षणभर ती टेबलावरून उडेल असं वाटलं. दोन्ही बाजूंना काळे, ताठ पंख. थोडी वर वळलेली टोकं. मालकाचा तोरा जसाच्या तसा.

आता राहिली जोडणी. रविवारी सलून बंद ठेवून कोपररावांनी सामान खुर्चीत मांडलं. जोडणी कशी करायची याचा व्हिडिओ फोनवर होता. पण फोनकडे थेट बघून त्यांचे हात चालेनात. बिचाऱ्यांनी आयुष्यभर आरशात बघूनच हात चालवले. समोरचं डोकं खरं नाही, आरशातलं खरं, असं त्यांच्या बोटांचं ठाम मत होतं. शेवटी त्यांनी फोन आरशाकडे तोंड करून ठेवला आणि आरशातल्या फोनमध्ये बघून काम सुरू केलं. बोटं लगेच सुरळीत झाली. व्हिडिओतला माणूस जे उजव्या हातानं करत होता ते त्यांनी डाव्या हातानं केलं. तो दोर पुढून गुंडाळत होता, यांनी मागून गुंडाळला. सगळी जोडणी अगदी बिनचूक झाली. फक्त उलटी.

रीलला ब्रेक असतो. मासा दोर ओढून पळायला लागला की रील घट्ट व्हावं आणि आपण गुंडाळताना मोकळं फिरावं, अशी त्याची रचना. कोपररावांचं रील गुंडाळताना दात खाऊन बसायचं आणि ओढलं की मोकाट सुटायचं. एकदा गुंडाळलं की त्यांना घाम फुटायचा. "खेळ मेहनतीचा आहे," ते बायकोला म्हणाले. "साडूंना जमतो म्हणजे आश्चर्यच आहे."

फेकायचा सरावही आरशात बघूनच, तेव्हा तोही डाव्या हातानं. दोर मागे टाकायचा, तो मागे सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे. कोपररावांना थांबणं जमेना. दोर मागे गेला की त्यांना साडू आठवायचे आणि हात आपोआप फटका मारायचा. चाबूक ओढल्यासारखा आवाज व्हायचा आणि माशी तुटून गायब. सलूनमागच्या गल्लीत पहिली माशी विजेच्या तारेवर गेली. दुसरी शेजारणीच्या वाळत घातलेल्या परकरात. तिसरी समोरच्या दातांच्या डॉक्टरच्या पाटीवर, पाटीवरच्या हसऱ्या दाढेच्या बरोबर वर. ती दाढ तेव्हापासून मिशीवाली दिसायची आणि डॉक्टरांकडे मुलं खुशीनं यायला लागली.

गेलेल्या प्रत्येक माशीची भरपाई शनिवारी.

"अरे, डावीकडे जरा जास्त गेली का?" साडू आरशात वाकून बघायचे.

"उजवी सारखी करतो."

"आता उजवी कमी झाली."

"मग डावी."

गालापर्यंत पसरलेली मिशी ओठांच्या कोपऱ्यात आली. तिथून नाकपुड्यांच्या रेषेत. साडू अस्वस्थ झाले, पण कोपररावांनी आवाज खाली आणून सांगितलं, "बाहेर कुणाला बोलू नका, साडूभाऊ. आता वरच्या पदावरची माणसं अशीच आखूड ठेवतात. मोठी मिशी म्हणजे हल्ली चौकीदाराची समजतात." साडूंनी खिशातून छोटा आरसा काढून स्वतःला दोन्ही बाजूंनी पाहिलं. सोमवारी ऑफिसातले दोन कारकून आणि एक हिशेबनीस तशीच मिशी ठेवून आले. सगळी विमा कंपनी हळूहळू नाकाखाली आकसायला लागली.

वाढदिवसाच्या आधीच्या शनिवारी मिशी नाकाखाली टिकलीएवढी उरली होती आणि कोपररावांकडे एकच माशी. पण तोवर त्यांना थांबणं जमायला लागलं होतं. युक्ती बायकोची. "दोर मागे गेला की मनात म्हणायचं, 'दे इकडे, तुला जमायचं नाही.' संपूर्ण. मगच पुढे." ते वाक्य म्हणायला जेवढा वेळ लागायचा, नेमका तेवढाच दोर सरळ व्हायला लागायचा.

वाढदिवसाला सगळे तळ्यावर जमले. साडू मांडीपर्यंतचे रबरी बूट, खिसेच खिसे असलेलं जाकीट आणि पीस खोचलेली टोपी घालून गाडीतून उतरले. त्यांनी कोपररावांच्या हातातला रॉड पाहिला आणि ताईंना हाक मारली.

"अगं, ये बघ! कोपरानं काय आणलंय! आणि डाव्या हातात धरलाय! अरे, डावखुरा कधीपासून झालास?"

"जमेल तसं करतो, साडूभाऊ."

"फोटोत कुठून यायचं ते ठरवलंयस का यंदा? डावीकडून?"

ताई हसल्या, साडू हसले. बायकोनं कोपररावांकडे पाहिलं. कोपरराव आपल्या माशीकडे बघत होते. माशी मालकाकडे बघत होती.

साडूंनी धक्क्यावर जाऊन म्हाताऱ्याला पहिला निरोप धाडला. पण ते झाड धक्क्याच्या उजव्या अंगाला होतं. उजव्या हातानं दोर मागे टाकला की तो फांद्यांत अडकलाच म्हणून समजा. साडूंच्या वर्षानुवर्षांच्या माशा त्या झाडावर लटकत होत्या, आज त्यांत आणखी भर पडली. मग तंगूस तुटलं. मग पीस खोचलेली टोपी गेली.

"म्हातारा झोपलाय," साडू घाम पुसत म्हणाले. "उगाच उठवायला नको."

"मी एकदा उठवून बघू?" कोपरराव म्हणाले.

"बघ बाबा. झाडाला अजून जागा आहे."

कोपरराव धक्क्याच्या टोकाला उभे राहिले. रॉड डाव्या हातात, आणि डावीकडे मोकळं आकाश. एक फांदी नाही, एक पान नाही. दोर मागे गेला. दे इकडे, तुला जमायचं नाही. दोर पुढे आला, झाडाखालच्या सावलीत सरळ पसरला, आणि साडूंची मिशी म्हाताऱ्याच्या घरासमोर अलगद पाण्यावर टेकली. टोकं वर. जराही न भिजता.

पाण्यातून एक रुंद, सावकाश तोंड वर आलं आणि मिशी घेऊन खाली गेलं.

पुढे जे झालं ते फार पटापट झालं. म्हातारा पळाला. मोकाट रील किंचाळत सुटलं, त्याच्या दांडीनं कोपररावांची बोटं सोलून काढली. कोपररावांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला. टॉवेलाशिवाय त्यांना खांदा रिकामा वाटायचा. तो तळहाताला गुंडाळून त्यांनी पळता दोर मुठीत धरला. दोर चरचरला, पण थांबला.

आणि धक्क्याच्या फळ्या धडधडल्या. कोपररावांना मागे वळून बघायची गरजच नव्हती. हा आवाज ते वर्षभर स्वप्नात ऐकत होते.

"दे इकडे! तुला जमायचं नाही!"

"हात लावू नका!" कोपरराव ओरडले. "हा माझा आहे! तोही माझाच होता!"

सासरेबुवांनी तोंडाजवळ नेलेला चहाचा कप तसाच धरला. पण साडूंचे हात रॉडवर पोचले होते. त्यांनी रॉड हिसकावला, दोर मात्र कोपररावांच्या मुठीतच राहिला, आणि साहेबी थाटात भराभर गुंडाळायला सुरुवात केली. नेहमीच्या दिशेनं. त्या उलट्या रीलवर नेहमीच्या दिशेनं गुंडाळणं म्हणजे दोर आत घेणं नव्हे, बाहेर सोडणं. साडू जितक्या जोमानं गुंडाळत होते तितक्या जोमानं दोराची वेटोळी त्यांच्या पायांत पडत होती.

"येतोय! येतोय!" साडू ओरडत होते.

म्हाताऱ्यानं दुसऱ्यांदा पळ काढला. कोपररावांनी मूठ किंचित सैल केली. मासेमारीत तसं करावं लागतं, असं ते पुढे सगळ्यांना सांगणार होते. पायातली वेटोळी सरसर धावली, त्यातलं एक रबरी बुटाला आवळलं, आणि नव्वद किलोंचे मोठे साडू रॉडसकट, खिशांसकट, उरल्यासुरल्या मिशीसकट धक्क्यावरून तळ्यात गेले.

पाणी छातीभरच होतं, पण साडू पोटभर प्याले.

कोपररावांनी तिकडे बघितलं नाही. टॉवेल गुंडाळलेल्या हातानं, दाढीचं पातं धरावं तशा हलक्या हातानं, ते दोर घेत राहिले, सोडत राहिले, घेत राहिले. शेवटी म्हातारा धक्क्याला लागला आणि ते त्याला दोन्ही हातांनी उचलून उभे राहिले. मासा त्यांच्या एका बगलेतून दुसऱ्या बगलेपर्यंत पुरून उरत होता.

"अहो, हसा!" बायको फोन धरून ओरडली.

त्याच वेळी धक्क्याच्या कडेवर, पाण्यातून, एक ओलं कोपर आलं. साडू वर चढायचा प्रयत्न करत होते.

"अगं, थांब! यांनाही घे ना फोटोत!" ताई धावत आल्या.

"घेतलंय ताई," बायको म्हणाली. "कडेला."

सासरेबुवा जवळ आले. त्यांनी मासा वितीनं मोजला. मग चष्मा पुसून त्याच्या ओठातली माशी अलगद सोडवली आणि बोटावर ठेवून बराच वेळ न्याहाळली. मग ओल्या मोठ्या जावयाच्या नाकाखाली पाहिलं. मग पुन्हा माशी. जन्म गिलाव्यात गेलेल्या माणसाला कुठलं सामान कुठून निघालंय ते सांगावं लागत नाही. त्यांनी माशी रुमालात बांधून खिशात टाकली.

"म्हाताऱ्याला पाण्यात सोडा," एवढंच ते म्हणाले. "पुढच्या वर्षीही वाढदिवस आहे. आणि जावईबापू, 'तोही' म्हणजे कुठला, ते घरी जाताना गाडीत सांगा. तुम्ही पुढे बसा."

दुसऱ्या दिवशी जुना फोटो उतरला. त्याच खिळ्यावर नवा लागला. मधोमध कोपरराव, पूर्ण, कानांसकट. आणि कडेला ओलं कोपर.

कोपररावांनी आठवडाभर वाट पाहिली. आता ते नाव साडूंच्या गळ्यात पडणार. पडलंही. पण त्यांच्या गळ्यातलं काही उतरलं नाही. लोकांना जुनी सवय सोडवेना आणि नवी गंमतही सोडवेना. शुक्रवारी सासूबाईंचा फोन आला.

"काय गं, धाकटं कोपर आहे का घरी? रविवारी जेवायला या म्हणावं. मोठं कोपरही येतंय."

कोपररावांनी कपाळावर हात मारला. बायकोनं समजूत घातली, "निदान बरोबरीत आलात ना!" पण बरोबरी हवी कुणाला होती? तळपायाची आग, जी आठवडाभर निवत आली होती, ती पुन्हा पायऱ्या चढायला लागली.

शनिवारी साडू आले. पडशानं नाक लाल. खुर्चीत बसले, मान मागे टेकवली. कोपररावांनी फेस केला, वस्तरा परजला.

"यंदा तुझं नशीब होतं," साडू डोळे मिटूनच म्हणाले. "पुढच्या वर्षी बघ. तो खिळा मी घेणार म्हणजे घेणार."

"घ्या की."

"एक सांग. खरं सांग." साडूंनी एक डोळा उघडला. "म्हातारा माझ्या एका माशीला कधी आला नाही. तुझी ती माशी कुठून आणलीस? तसल्या मला पाहिजेत. दोन-चार नको, चांगल्या डझनभर."

कोपररावांनी आरशात पाहिलं. साडूंच्या नाकाखाली, टिकलीच्या दोन्ही बाजूंना, काळे, ताठ खुंट दमदारपणे वर येत होते.

"देतो ना, साडूभाऊ," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "घरचीच माणसं आपण. फक्त जरा दम धरा आणि मेण लावत राहा. माल अजून वाढतोय. आता मान वर करा."